कॉलेज बास्केटबॉलचा संघ विजेता ठरेल का? वाद घालण्याची एक रीत

6 एप्रिल 2025 हा रविवार होता आणि त्याच दिवशी रामनवमी होती. फोंड्यातील आमच्या घरी सकाळी सव्वासहापासून पाच माणसे टीव्हीसमोर बसली होती, कारण तिकडे अमेरिकेत, सॅन अँटोनिओ शहरात, ड्युक आणि ह्यूस्टन या विद्यापीठांच्या संघांचा उपांत्य सामना चालू होता. भाचा नॉर्थ कॅरोलायनात शिकायला गेल्यापासून आमचे घर ड्युकचे झाले आहे. सामन्याची जेमतेम 35 सेकंदे उरली असताना ड्युक 67-61 असा पुढे होता, पोदेराने दिलेले पाव टेबलावर थंड होत होते, आणि ‘झाले, आता अंतिम सामन्याचे बोला’ असे म्हणून मी चहा पुन्हा गरम करायला उठलो. चहा घेऊन परत आलो तेव्हा ह्यूस्टन 70-67 असा जिंकला होता आणि माझ्याकडे कोणीही पाहत नव्हते.

हरला तो संघ. पण वादात चूक माझी होती. तीन आठवडे मी ‘ड्युक हा यंदाचा सर्वांत चांगला संघ आहे’ हे सिद्ध करत होतो आणि त्यातून ‘ड्युक विजेता होणार’ हे आपोआप सिद्ध झाले असे मानत होतो. ही दोन विधाने वेगळी आहेत, त्यांचे पुरावे वेगळे आहेत, आणि बास्केटबॉलवरचे आपले बहुतेक वाद ही दोन विधाने एकमेकांत कालवल्यामुळेच चिघळतात. आमच्या मंडळींनी जी रीत बसवली आहे, ती इथे लिहून ठेवतो. वाद आमचा कोकणीत चालतो, वही मराठीत लिहिली जाते. वाचकांनी आपापली सोय पाहावी.

आधी प्रश्न सुटे करावेत

आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. कोणी काहीही ठामपणे सांगितले की ते फक्त एवढेच विचारतात, ‘मागीर?’ म्हणजे, बरे, मग पुढे काय? ‘सर, ड्युककडे कूपर फ्लॅगसारखा खेळाडू आहे.’ ‘आहे. मागीर?’ ‘त्यामुळे ते प्रत्येक सामन्यात सरस ठरतील.’ ‘ठरतील. मागीर?’ इथे बोलणाऱ्याची गाडी अडते, कारण प्रत्येक सामन्यात सरस असणे आणि लागोपाठ सहा सामने जिंकणे यांतले अंतर त्याने मोजलेले नसते.

ते अंतर आधी मोजावे. एनसीएए या अमेरिकी कॉलेज-क्रीडा संघटनेची पुरुषांची स्पर्धा 1939 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, 1985 मध्ये, म्हणजे गोवा विद्यापीठ सुरू झाले त्याच वर्षी, ती 64 संघांची झाली आणि 2011 पासून 68 संघांची. सारे सामने बाद फेरीचे असतात. एक हार झाली की घरी. संघांचे चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात एक ते सोळा अशी मानांकने दिली जातात. वरच्या मानांकनाच्या संघाला विजेतेपदासाठी सहा विजय लागतात. समजा, आपला संघ इतका मजबूत आहे की पहिल्या सामन्यात त्याची शक्यता शंभरात 99, दुसऱ्यात 88, पुढे 78, 68, 60 आणि अंतिम सामन्यात 55. सहाही सामन्यांत त्याचेच पारडे जड आहे. आता हे सहा आकडे एकमेकांनी गुणावेत: 0.99 गुणिले 0.88 गुणिले 0.78, असे शेवटपर्यंत. उत्तर सुमारे 0.15 येते. कोणत्याही सामन्यात दुबळी बाजू नसलेला संघ विजेता होण्याची शक्यता शंभरात पंधरा! हा गुणाकार वाद सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करावा. जो ‘शंभर टक्के’ म्हणत होता तो साठावर येतो, आणि जो ‘यांना काही जमणार नाही’ म्हणत होता त्याला पंधरा टक्के हा 68 संघांत केवढा मोठा वाटा आहे हे कळते.

ताकद कशी मोजावी

सामन्याला सरासरी किती गुण केले यावरून संघाची आक्रमणक्षमता ठरवू नये. धावपळ करणारा संघ जास्त वेळा चेंडू ताब्यात घेतो, म्हणून त्याचे गुणही जास्त होतात आणि त्याच्यावरही जास्त होतात. खरा हिशोब दर ताब्यामागे किती गुण, हा आहे. केन पॉमेरॉय या अभ्यासकाची जी क्रमवारी अमेरिकेत सर्वत्र उद्धृत केली जाते ती याच पायावर, म्हणजे शंभर ताब्यांमागे केलेले आणि दिलेले गुण, प्रतिस्पर्ध्याच्या दर्जानुसार दुरुस्त करून, उभी आहे.

ताब्यांची संख्या घरी बसून काढता येते. बास्केटकडे टाकलेले एकूण फटके घ्यावेत, त्यातून आपल्याच आक्रमणात परत मिळवलेले रिबाउंड, म्हणजे हुकून उसळलेले चेंडू, वजा करावेत, गमावलेले चेंडू म्हणजे टर्नओव्हर मिळवावेत, आणि फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या एकेक गुणाच्या मोकळ्या फटक्यांच्या, संख्येला 0.475 ने गुणून तेही मिळवावे. उदाहरणादाखल एका संघाने 60 फटके टाकले, 10 रिबाउंड परत मिळवले, 12 वेळा चेंडू गमावला आणि 20 फ्री थ्रो घेतले, तर 60 वजा 10, अधिक 12, अधिक 9.5, असे 71.5 ताबे झाले. त्याने 78 गुण केले असतील तर शंभर ताब्यांमागे 109 गुण पडले. दुसऱ्या संघाने 82 ताब्यांत 86 गुण केले असतील तर त्याचा आकडा 105 च्या आसपास येतो. फलकावर आठ गुणांनी मोठा दिसणारा संघ प्रत्यक्षात आक्रमणात उणा आहे. हे गणित आमच्याकडे भजीच्या कागदावर झाले होते आणि तो कागद सरांनी अजून जपून ठेवला आहे.

याच्या जोडीला चार गोष्टी पाहाव्यात, ज्या डीन ऑलिव्हर यांनी वीसेक वर्षांपूर्वी मांडल्या आणि ज्यांना आता सगळेच मानतात: फटक्यांची अचूकता, चेंडू न गमावणे, रिबाउंड, आणि फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत किती वेळा पोहोचता ते. अचूकता मोजताना तीन गुणांच्या बास्केटला दीडपट मान द्यावा. वरच्याच संघाच्या 60 पैकी 28 बास्केट झाल्या आणि त्यांतल्या 8 तीन गुणांच्या असतील, तर 28 अधिक 4 भागिले 60, म्हणजे 53 टक्के. चौघांत या अचूकतेचे वजन सर्वांत जास्त, आणि तीच सामन्यागणिक सर्वांत जास्त हेलकावे खाते. याउलट रिबाउंड आणि चेंडू सांभाळणे या सवयी आहेत, त्या सहसा परमुलखातही बरोबर येतात. एखादा संघ कशामुळे जिंकतो आहे, हे विचारताना ‘ज्याचा भरवसा धरता येईल अशा गोष्टीमुळे की हात चालला म्हणून?’ हा फरक लावून धरावा.

हात चालण्याचे प्रमाण किती मोठे असते तेही पाहू. एखादा संघ सामन्यात 25 वेळा तीन गुणांचा प्रयत्न करतो आणि त्याची वर्षभराची अचूकता 35 टक्के आहे. सरासरी पावणेनऊ बास्केट अपेक्षित आहेत. पण निव्वळ योगायोगाने एखाद्या दिवशी 6 आणि एखाद्या दिवशी 11 होणे अगदी साधी गोष्ट आहे. त्या पाच बास्केटचा फरक 15 गुणांचा होतो. दोन मजबूत संघांमधील खरे अंतर पुष्कळदा याच्या निम्मेही नसते. त्यामुळे एका सामन्यावरून ‘यांचा खेळ उघडा पडला’ असे म्हणणाऱ्याला त्या दिवसाची तीन गुणांची आकडेवारी विचारावी. बहुतेक वेळा तो विषय बदलतो.

कोणाशी आणि कुठे

विजय-पराजयाचा जमाखर्च प्रतिस्पर्ध्याशिवाय अर्थहीन आहे. एनसीएएची निवड समिती 2018-19 पासून नेट नावाची क्रमवारी वापरते आणि सामन्यांचे चार गट करते. पहिल्या गटात घरच्या मैदानावर पहिल्या 30 संघांशी, तटस्थ मैदानावर पहिल्या 50 शी आणि परक्या मैदानावर पहिल्या 75 शी झालेले सामने येतात. घरचे मैदान साधारण तीन गुणांचे असते असा जो अंदाज सर्रास धरला जातो, तोच या वर्गवारीच्या मुळाशी आहे. मार्चमधली स्पर्धा तटस्थ मैदानांवर होते, म्हणून आपल्या संघाचे घरचे थाटामाटाचे विजय क्षणभर बाजूला ठेवून, बाहेर पहिल्या गटात तो कसा खेळला, एवढेच एका पानावर लिहावे. बऱ्याच संघांचे ते पान चार-पाच ओळींतच संपते.

जोड जुळते का

इथे जरा रेंगाळणे आवश्यक आहे, कारण आकडे समान असले तरी एखाद्या विशिष्ट संघासमोर एखादी ताकद निकामी होते. 17 मार्च 2023 रोजी परड्यू या पहिल्या मानांकनाच्या संघाला फेअरली डिकिन्सन या सोळाव्या मानांकनाच्या संघाने 63-58 असे हरवले. परड्यूकडे सात फूट चार इंच उंचीचा झॅक ईडी होता. फेअरली डिकिन्सन हा अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीतील सर्वांत बुटका संघ होता. कागदावर वादच नव्हता. पण बुटक्या संघाने ईडीच्या पुढेही माणूस उभा केला आणि मागेही, चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचणेच अवघड केले, आणि बाहेरून टाका असे परड्यूला जणू आमंत्रण दिले. परड्यूने तीन गुणांचे 26 प्रयत्न केले, त्यांतले 5 पडले. म्हणून ‘आमच्याकडे उंची आहे’ या विधानाला सरांचा ‘मागीर?’ विचारावा: चेंडू त्या उंचीपर्यंत नेणारा गार्ड दबावाखाली टिकतो का, आणि दोघांनी घेरल्यावर मोकळा राहिलेला खेळाडू बास्केट करतो का? परड्यूने याचे उत्तर पुढच्या वर्षी दिले. तोच ईडी घेऊन ते 2024 च्या अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि तिथे कनेक्टिकटकडून 75-60 असे हरले.

खेळाची गती हीही जोडीचीच बाब. मजबूत संघाने संथ खेळणे म्हणजे आपल्या सरसपणाला कमी संधी देणे होय. ताबे जितके कमी, तितका योगायोगाचा वाटा मोठा. 1985 च्या अंतिम सामन्यात आठव्या मानांकनाच्या व्हिलानोवाने पॅट्रिक ईविंगच्या जॉर्जटाउनला 66-64 असे हरवले, तेव्हा फटका टाकण्याची कालमर्यादा नव्हती. व्हिलानोवाने संपूर्ण सामन्यात फक्त 28 फटके टाकले आणि त्यांतले 22 यशस्वी झाले. त्याच मोसमात जॉर्जटाउनने त्यांना दोनदा हरवले होते. पुढच्याच मोसमात 45 सेकंदांची मर्यादा आली. आता ती 30 सेकंदांची आहे, त्यामुळे चेंडू धरून बसणे तितके सोपे राहिलेले नाही. तरीही दुबळ्या संघाचा समर्थक ‘आम्ही सामना संथ करू’ म्हणत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नये.

शेवटची दोन मिनिटे

माझ्या मते वादात सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत जास्त सामने फिरवणारी गोष्ट म्हणजे फ्री थ्रो. अमेरिकेच्या पुरुष कॉलेज बास्केटबॉलमध्ये एका अर्धात प्रतिस्पर्ध्याचे सात फाउल झाले की ‘वन अँड वन’ सुरू होते: पहिला पडला तरच दुसरा मिळतो. 70 टक्के अचूकतेच्या खेळाडूकडून इथे सरासरी 0.7 अधिक 0.49, म्हणजे 1.19 गुण अपेक्षित असतात. दहा फाउलनंतर दोन्ही हक्काने मिळू लागले की 1.4. हा फरक किरकोळ वाटतो. पण त्या रामनवमीच्या सकाळी मी स्वयंपाकघरात असताना नेमके हेच घडले होते. ड्युकचा गार्ड टायरीस प्रॉक्टर वन अँड वनचा पहिलाच फ्री थ्रो चुकला, तो रिबाउंड घेताना फ्लॅगचा फाउल दिला गेला, आणि ह्यूस्टनच्या जे’वान रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो टाकून आपल्या संघाला एका गुणाने पुढे नेले. 2008 च्या अंतिम सामन्यात मेम्फिसचेही असेच झाले होते. दोन मिनिटे उरली असताना त्यांच्याकडे 9 गुणांची आघाडी होती, फ्री थ्रो हुकत गेले, कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने 2.1 सेकंद बाकी असताना तीन गुणांची बास्केट करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत कॅन्सस 75-68 असे जिंकले.

तेव्हा संघाची फ्री थ्रोची सरासरी पाहण्यावर थांबू नये. आघाडी असताना शेवटच्या मिनिटात चेंडू कोणाच्या हातात असतो आणि त्या दोघा-तिघांची अचूकता किती, हे पाहावे. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, 50 टक्क्यांचा असला तरी चालते. त्या वेळी चेंडू त्याच्याकडे जाऊ न देण्याची व्यवस्था प्रशिक्षकाकडे असली पाहिजे.

दुखापतीबद्दल मात्र फार बोलायला नको, फक्त तारीख पाहावी. मार्च 2000 मध्ये सिनसिनाटीच्या केन्यन मार्टिनचा पाय स्पर्धेच्या तोंडावर मोडला आणि क्रमवारीत पहिला असलेला तो संघ दुसऱ्याच फेरीत तुलसाकडून हरला. 2018 मध्ये व्हर्जिनियाचा डी’आंद्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर बसला आणि एकूण पहिले मानांकन मिळालेला तो संघ यूएमबीसीकडून 74-54 असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाच्या संघाला सोळाव्याने हरवण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी हंटर परत आला, अंतिम सामन्यात त्याने 27 गुण केले आणि व्हर्जिनिया विजेता झाला. केवळ एका खेळाडूमुळे हे सारे झाले असे कोणी म्हणू नये, पण फेब्रुवारीतले आकडे मार्चमध्ये बोलताना कोण खेळतो आहे हे आधी विचारावे.

काही मुद्दे वादात आलेच तर तिथल्या तिथे निकाली काढावेत. ‘पहिल्या वर्षाची पोरे विजेतेपद जिंकत नाहीत’ हे खरे नाही. 2012 मध्ये केंटकीने आणि 2015 मध्ये ड्युकने ते करून दाखवले. ‘अपराजित संघाला कोण हरवणार?’ असे म्हणणाऱ्याला 2015 ची केंटकी 38-0 असताना विस्कॉन्सिनकडून आणि 2021 ची गोन्झागा 31-0 असताना बेलरकडून हरली, एवढे सांगावे. अपराजित राहून विजेता झालेला शेवटचा पुरुष संघ 1976 चा इंडियाना आहे. ‘खालच्या मानांकनाचे कोणीतरी जिंकेलच’ असा उलटा सूर लावणाऱ्यालाही उत्तर आहे: 2025 मध्ये शेवटच्या चारांत चारही पहिल्या मानांकनाचेच संघ होते. आणि विद्यापीठाचा जुना इतिहास तर आणूच नये. यूसीएलएने 1964 ते 1975 या काळात दहा विजेतेपदे मिळवली, हे वाचायला छान आहे, पण त्या संघातला एकही खेळाडू आज फ्री थ्रो टाकायला येणार नाही.

हीच रीत आपल्या इथल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना लावायची असेल तर दोन बदल करावेत. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळताना दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात, फटक्याची मर्यादा 24 सेकंदांची असते आणि वन अँड वन नसते, म्हणून ताब्यांच्या सूत्रात 0.475 ऐवजी 0.44 धरावे. शिवाय आकडे कोणी छापून देत नाही, ते स्वतः वहीत टिपावे लागतात. बाकावर बसून टाकलेले, पडलेले, गमावलेले आणि परत मिळवलेले असे चार रकाने आखून रेघा मारत गेले की पुरे; मात्र एका माणसाने एकाच संघाचे टिपावे, दोन्ही संघांचे टिपायला गेल्यास दोन्ही चुकतात. खुले मैदान, ऊन आणि वारा असेल तर तीन गुणांच्या आकड्यांवर फारसा विश्वास ठेवू नये.

वहीत लिहावे, मग बोलावे

अंतिम सामना अमेरिकेत सोमवारी रात्री असतो, तो आपल्याकडे मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास सुरू होतो. उपांत्य सामने त्याआधी रविवारी पहाटे. म्हणून शनिवारी रात्री, झोपण्यापूर्वी, उरलेल्या चार संघांना मिळून शंभर टक्के वाटून प्रत्येकाने वहीत लिहावेत आणि खाली सही करावी. नंतर ‘मी तर तेव्हाच म्हणालो होतो’ ही पळवाट राहत नाही.

निकालानंतर गुण देण्यासाठी अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये सुचवलेली पद्धत वापरावी. पावसाच्या अंदाजासाठी ती निघाली, आणि जूनमध्ये गोव्यात राहणाऱ्याला तिची गरज समजावून सांगायला नको. जो संघ विजेता झाला त्याच्यापुढे 1 धरावा, बाकीच्यांपुढे 0. आपण लिहिलेला आकडा दशांशात घेऊन दोहोंतील फरकाचा वर्ग करावा आणि चारही वर्गांची बेरीज करावी. बेरीज जितकी लहान तितका अंदाज चांगला.

2025 मध्ये फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 असे हरवून विजेतेपद मिळवले. ह्यूस्टन उत्तरार्धात 12 गुणांनी पुढे होता, आणि अखेरच्या क्षणी वॉल्टर क्लेटनने धावत येऊन अडवल्यामुळे त्यांना शेवटचा फटका टाकताच आला नाही. माझ्या पानावर ड्युक 60, फ्लोरिडा 15, ऑबर्न 15, ह्यूस्टन 10 असे होते, बेरीज 1.115. सरांचे ड्युक 35, फ्लोरिडा 30, ह्यूस्टन 20, ऑबर्न 15; बेरीज 0.675. म्हणजे त्यांनीही ड्युकलाच पुढे धरले होते, पण हातचे राखून. सर्वांत मोठ्या बेरजेच्या माणसाने एक किलो विसवण, म्हणजे सुरमई, आणावी अशी पैज होती. रविवारी रामनवमी झाली, सोमवार आमच्याकडे पाळतात, मंगळवारी निकाल लागला, म्हणून बुधवारी सकाळी पिशवी घेऊन मी बाजारात उभा होतो.

वहीत आणखी एक पान होते. शनिवारी रात्री वही फिरत फिरत आईकडे गेली होती. तिने बास्केटबॉलचा सामना कधी अखेरपर्यंत पाहिलेला नाही. ‘चौघेही परक्या घरची मुले, सगळ्यांना सारखे दे,’ असे म्हणून तिने प्रत्येकाला 25 लिहायला लावले. तिची बेरीज 0.75 आली. ती सरांच्या मागे आणि माझ्या पुष्कळ पुढे दुसरी आली होती, आणि विसवणीचा डोक्याकडचा तुकडा तिने मागून घेतला.